मूळ प्रत पाहावी

आमच्या कार्यालयातून गेलेलं पत्र आप्पा शेटे परत पाठवायचे. तक्रार म्हणून नव्हे, तपासून. घडी तीच, पाकीट नवं, आणि आत लाल शाई. 'सदरहू' आणि 'उपरोक्त' एकाच वाक्यात नकोत. 'मंजूर'चा 'जू' दीर्घ. 'कळविण्यात येते की' असं लिहिल्यावर पुढं काहीतरी कळवावं, ही विनंती. खाली बारीक अक्षरात 'तपासले' आणि सही.

रस्ते आणि पूल बघणारं आमचं कार्यालय. त्याचं नाव लिहीत नाही, मी अजून त्याच खात्यात आहे. माहितीच्या अधिकारात आलेल्या अर्जांना उत्तरं द्यायचं टेबल तेव्हा माझ्याकडे होतं आणि उत्तरावर सहीही माझीच असायची, म्हणजे त्या लाल शाईचा धनी मीच. पहिलं पत्र परत आलं तेव्हा राग आला. दुसरं मी ड्रॉवरमध्ये टाकलं. पाचव्यापासून आप्पांना उत्तर लिहिताना मी शब्दकोश शेजारी घेऊन बसायला लागलो. माझं मराठी सुधारलं ते असं, पस्तिशी उलटल्यावर.

आप्पांना जाऊन चार महिने होत आले. त्यांच्यावर लिहायला माझ्याहून लायक माणसं कोल्हापुरात पुष्कळ आहेत. पण आप्पांबद्दलची एक गोष्ट फक्त मलाच सांगता येईल, कारण ती मी केलेली आहे. ती पुढे येईलच. मला आधी आप्पांबद्दल बोलू द्या.

राजारामपुरीत एका क्लासच्या जिन्याखालून आत गेलं की मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. वर पोरं गणिताची सूत्रं घोकायची आणि खाली आप्पा 'उजळणी' काढायचे. 'उजळणी' म्हणजे त्यांचं चार पानी साप्ताहिक. त्याआधीचा सगळा जन्म त्यांनी एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून काढला होता. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हेच काम. "दुसऱ्यांच्या चुका लई काढल्या. म्हटलं, आता स्वतःच्या काढू या," असं ते साप्ताहिकाबद्दल सांगायचे.

बोलणं अस्सल कोल्हापुरी, लिहिणं मात्र सोवळ्यातलं. विचारलं तर म्हणायचे, "बोलायची भाषा घरातली, छापायची गावातली. गावात जाताना माणूस कापडं बदलतो की न्हाई?"

पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशाला लाल पेन आणि त्या पेनाच्या टोपणाखाली सदऱ्यावर कायमचा एक गुलाबी डाग. लग्नपत्रिका, औषधाची बाटली, दुकानाची पाटी, काहीही समोर आलं की डोळा आधी ऱ्हस्वदीर्घावर जायचा. एकदा भर चौकात त्यांनी एक रिक्षा थांबवली. मागे लिहिलं होतं, 'आईचा आशिर्वाद'.

"ओ पावणं, आईचा आशीर्वाद आखूड करून ठेवलायसा. दीर्घ करा की."

रिक्षावाला म्हणाला, "आप्पा, दिसभर रिक्षा फिरवून पोट बी आखूडच भरतंय. ते दीर्घ करून द्या, मग आशीर्वादाचं बघू."

आप्पा हसत हसत त्याच रिक्षात बसले आणि घरापर्यंत त्याला ऱ्हस्वदीर्घाचे नियम सांगत आले. आठवड्यानं ती रिक्षा मला दिसली. वेलांटी बदललेली होती.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तो एक पत्र हातोहात द्यायला. दार उघडंच होतं. आत गौराक्का, त्यांच्या पत्नी, पाटावर बसून एका हातानं शेंगा फोडत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या कागदावरून मोठ्यानं वाचत होत्या. समोर आप्पा छापील कागदावर मान घालून बसलेले. मी उंबऱ्यात उभा राहिलो तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "बस."

मी खुर्चीवर बसलो.

दोघांनी वर बघितलं. अक्कांना हसू आवरेना. "तुमाला न्हवं वो! पूर्णविरामाला म्हटलं."

मग उलगडा झाला. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर जुळवायची, ही मुद्रितशोधनाची जुनी रीत. वाचताना विरामचिन्हंही बोलायची असतात. 'स्वल्पविराम, पूर्णविराम' म्हणता म्हणता अक्कांचा जीव दमायचा, म्हणून त्यांनी आपले शब्द केले होते. स्वल्पविराम म्हणजे 'दम'. पूर्णविराम म्हणजे 'बस'. प्रश्नचिन्ह 'आकडा', उद्गारचिन्ह 'काठी'. अक्कांचं माहेर निपाणीकडचं, घरात कन्नड. मराठी त्या लग्नानंतर वाचायला शिकल्या, त्याही अशाच, नवऱ्याच्या पेपराची प्रत वाचता वाचता. त्यामुळे त्यांच्या तोंडून बातमी अशी यायची: "नळाला पाणी येईल असे सांगण्यात आले दम, परंतु पाणी आले नाही बस. पाणी गेले कुठे आकडा." आप्पा प्रत्येक चिन्हाला उजव्या हाताचं बोट उचलून खाली टेकवायचे. पूर्णविरामाला बोट जरा जास्त वर जायचं आणि 'बस' ऐकू येईपर्यंत तिथंच थांबायचं. ते बोट आणि तो आवाज यांचा संसार चाळीसेक वर्षांचा असावा.

त्याच दिवशी आप्पांनी मला नकारांची वही दाखवली.

जाडजूड, पुठ्ठ्याची वही. जगातली सरकारं 'नाही' कसं म्हणतात, ते त्यात चिकटवलेलं किंवा उतरवून घेतलेलं. एका देशाचं उत्तर होतं, 'अशी माहिती अस्तित्वात आहे, यास आम्ही दुजोराही देत नाही आणि इन्कारही करत नाही.' आप्पा त्याला 'पोटात एक, ओठात अर्धं' म्हणायचे. दुसऱ्या एका देशानं मागितलेला कागद दिला होता, पण सगळ्या ओळी काळ्या करून. उघडा ठेवलेला मजकूर एवढाच, 'आपला विश्वासू'. एका देशात सरकारनं बातम्या काढायला लावल्या तेव्हा संपादकांनी ती जागा कोरी सोडली. मग हुकूम निघाला, की कोरी जागा सोडायची नाही. त्या नोंदीखाली आप्पांनी लिहिलं होतं, 'पांढऱ्या कागदाचीही भीती.' कुठल्याशा देशात तर पत्रकार तुरुंगात का आहे, हेच गोपनीय होतं.

"देश येगळं, झेंडं येगळं," आप्पा पानं उलटत म्हणाले, "पण कारणं बघा. देशाची सुरक्षा, शेजाऱ्याशी संबंध, लोकांत घबराट. तीनच. सगळ्यांनी एकाच वहीतनं उतरवून घेतल्यागत."

"आणि हो म्हणणारं कुणी नाही?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा उजळला. "स्वीडन! थंडी लई तिथं, पण कपाटं उघडी. शेकडो वर्षांचा कायदा हाय. कागद सरकारचा असला तरी वाचायचा हक्क रयतेचा. कोण म्हणून मागतोस, कशाला मागतोस, हे बी इचारायचं न्हाई."

"मग जावा की तिकडं," अक्का शेंगा फोडत म्हणाल्या. "तितं तुमाला दुरुस्त करायला चुका कुटल्या मिळनार?"

आणीबाणीत आप्पा ऐन तरुण होते. रोजचा अंक छापण्याआधी एका अधिकाऱ्याला दाखवून आणायचं काम त्यांच्याकडे आलं. अधिकारी बातमीवर काट मारायचा आणि शेजारी लिहायचा, 'नामंजुर'. आप्पांनी एकदा लाल पेन काढून तो 'जु' दीर्घ केला. अधिकारी खवळला. आप्पा म्हणाले, "साहेब, नकार तुमचा हाय, त्यात माझं काय चालत न्हाई. पण शुद्धलेखन माझ्याकडं हाय." त्यांची त्या कामावरून उचलबांगडी झाली. ही गोष्ट सांगताना ते शौर्य गाजवल्यासारखं कधी बोलले नाहीत. उलट म्हणायचे, "बातमी वाचली न्हाई ती न्हाईच. उकार तेवढा वाचला."

बातमीबाबत त्यांचा नियम होता: कागद न्हाई तर बातमी न्हाई. आणि चूक झालीच, तर ज्या पानावर चूक त्याच पानावर, त्याच टायपात दुरुस्ती. इतक्या वर्षांत ती वेळ आली नव्हती.

ती मी आणली.

गगनबावड्याकडे जाताना एका वाडीला फाटा फुटतो. तिथल्या ओढ्यावर जुना दगडी पूल होता. आमच्याच खात्यात रस्त्यावर काम करून नुकतेच निवृत्त झालेले एक दत्तूमामा उन्हाळ्याच्या शेवटी आप्पांकडे आले. म्हणाले, "साहेब लोक येऊन गेलं, हातोड्यानं दगड वाजवून बघितलं, आणि पूल बंद करा म्हणून लिहून गेलं. म्या टेप धरलीवती. पर बंद कोन करंना झालंय." त्या पुलावरून दुधाचा टेम्पो जायचा आणि शाळेची गाडी. तिकडचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको. पूल बंद होतो का, याची आप्पांनी दोन दिवस वाट बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदा कागदाशिवाय बातमी छापली: पूल धोकादायक असल्याचा अहवाल खात्याकडेच पडून. दुसऱ्या दिवशी अहवालाची प्रत मागणारा अर्ज माझ्या टेबलावर आला.

अहवाल माझ्या मागच्या कपाटात होता. तिसरा कप्पा, निळी फाईल.

साहेबांनी बोलावलं. "पोवार, पुलाचा निर्णय वर अडकलाय. तो व्हायच्या आत कागद भाईर जायला नको. लोकांत घबराट उडंल."

"मग उत्तर काय लिहू, सर?"

"इतकी वर्षं लिहिताय, आता मी शिकवू?"

एखादा कागद खरोखरच नसला की मी 'उपलब्ध नाही' असं लिहायचो. त्या दिवशी तो शब्द हातून उतरेना. मी लिहिलं, 'मागणी केलेला अहवाल या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' आणि त्या दिवशी मी कपाट उघडलंच नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत किल्ली खिशात ठेवली. शोधलंच नाही तर आढळणार कुठून? म्हणजे हे खोटं नव्हे, असं मी स्वतःला तीनदा सांगितलं. खरं असतं तर एकदा सांगून पुरलं असतं.

त्याच टपालानं आप्पांना नोटीस गेली. बातमी निराधार आहे, आठ दिवसांत दिलगिरी छापा, अन्यथा कारवाई. तिचा मसुदाही माझाच.

माझं पत्र नेहमीप्रमाणे परत आलं. या वेळी त्यात एकही दुरुस्ती नव्हती. फक्त 'आढळून येत नाही' या शब्दांखाली लाल रेघ आणि समासात तीन शब्द: मूळ प्रत पाहावी.

त्याचा अर्थ त्यांनीच मला कधीतरी सांगितला होता. मुद्रितशोधकाला शंका येते, पण मूळ कागद त्याच्यापुढे नसतो. अशा वेळी आपल्या मतानं शब्द बदलायचा नाही. समासात एवढंच लिहायचं आणि पुढं जायचं. "ज्याच्याजवळ प्रत हाय, त्यानं बघायचं. आपलं काम संपलं."

प्रत माझ्याजवळ होती. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर, बातमी होती तेवढ्याच टायपात, दिलगिरी आली. 'मागील अंकातील पुलाच्या बातमीस आधार असलेला कागद संपादक सादर करू शकला नाही. वाचकांची दिलगिरी.' बातमी खोटी होती, असं त्यांनी कुठंही म्हटलं नव्हतं. पण वाचणाऱ्यांनी तेवढंच वाचलं. "शेटे बी शेवटी सांगोवांगी छापाय लागलं," असं आमच्या कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं आणि मी चहा ढवळत राहिलो. दत्तूमामांनी वाडीत तोंड कसं दाखवलं असेल, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

महिनाभरानं आप्पा स्वतः कार्यालयात आले. हातात कागदांचा गठ्ठा. मला वाटलं, आता अपील. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. कसल्याशा भाषेतला मजकूर, आकडे आणि मध्ये एका पुलाचा फोटो.

"स्वीडन," ते म्हणाले. "वरच्या क्लासमधल्या मास्तराकडनं ईमेल लिहून घेतली. त्यांच्या एका बारक्या गावाला म्हटलं, तुमच्या पुलाचा तपासणी अहवाल द्या. दिला की! वर लिहिलंय, एखादं पान पुसट आलं असंल तर कळवा."

"तुम्हाला वाचता येतंय?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"एक अक्षर न्हाई. पर बघा पोवार, त्यांच्याकडं आढळून आला."

ते खदाखदा हसले. मीही हसलो. शेजारच्या टेबलावरचेही हसले. जाताना त्यांनी माझ्यामागच्या कपाटाकडे बघितलं, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

गौराक्का तेव्हा दवाखान्यात होत्या, हे मला नंतर कळलं. पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा आप्पा समोर कागद घेऊन एकटेच बसले होते. वाचणारं कुणी नव्हतं, तरी त्यांचं बोट मधूनमधून वर जात होतं. 'उजळणी'चा आणखी एक अंक निघाला. त्यात चार चुका होत्या. मग अंक बंद झाला.

पूल त्या वर्षी टिकला. दुसऱ्या वर्षी कडेचा कठडा ओढ्यात गेला, तेव्हा आमच्या लोकांनी पिंपं लावून रस्ता बंद केला; पुढं नवा पूल झाला. कुणाचा जीव गेला नाही. त्यात आमचं कसलंही श्रेय नाही. ते दोन पावसाळे मी रोज सकाळी पेपर हातात घेतला की आधी तालुक्याचं पान उघडायचो, आणि काही नाही असं बघितल्यावर मगच चहाला तोंड लावायचो.

त्यानंतर काही वर्षं मी राजारामपुरीतल्या त्या गल्लीतून गाडी घालायचं टाळलं.

गेल्या वर्षी जुन्या फायली नष्ट करण्याची यादी निघाली. निळी फाईल त्या यादीत होती. यादीवर सही करताना माझ्या डोक्यात आलं, उद्यापासून आपलं उत्तर खरं ठरणार. अहवाल खरोखरच कुठे आढळणार नाही. मी फाईल उचलली, खाली जाऊन अहवालाची झेरॉक्स काढली आणि दुपारीच आप्पांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

वर क्लास चालूच होता. आप्पा खुर्चीत होते. नजर गेली होती, पण विचित्र तऱ्हेनं: कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं नाही. आयुष्यभर अक्षरावर डोळा ठेवलेल्या माणसाला आता बघायचं झालं तर मान वळवून तिरकं बघावं लागत होतं. तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पोवार काय? चपलंच्या आवाजावरनं वळखलं."

"आप्पा, तो पुलाचा अहवाल होता. माझ्याच कपाटात होता."

"व्हय की," ते म्हणाले. जणू मी पाऊस थांबल्याचं सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमची पत्रं मी किती वर्षं तपासली? कागद नसला की तुम्ही 'उपलब्ध नाही' लिवायचा. त्याच बारीला 'आढळून येत नाही' आलं. माणूस उगंच शब्द बदलत न्हाई."

"मग दिलगिरी कशाला छापलीत?"

"मला कळलं म्हंजे कागद झाला व्हय?" आवाज पहिल्यांदाच चढला. "अंदाजावर छापलं, तीच चूक केलती. परत अंदाजावरच अडून बसू?"

"अपील करायचं होतं. मी अडकलो असतो, ते बरं झालं असतं."

त्यांनी खिशाचं पेन चाचपलं. मग म्हणाले, "गौरी दवाखान्यात हुती. हेलपाटं कोण घालणार? तुमच्यावर दया केली, असं काय मनात आणू नका. राग लई आलता." आणि थोड्या वेळानं, "तिनं मात्र इचारलं, पोवार खोटं लिवतील व्हय? मी म्हटलं, न्हाई. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मी बी खोटंच बोललो की."

मी झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली, वास घेतला आणि परत माझ्याकडे दिली.

"दुरुस्ती छापायला माझ्याकडं आता पेपर न्हाई. ज्याची चूक त्यानं बघावं." हे मी आज बघतो आहे. पान तेच नाही, टायपही तो नाही. आप्पा, तेवढं चालवून घ्या.

मग ते म्हणाले, "वाचा."

मी वाचायला लागलो. पहिलंच वाक्य संपलं तसे ते म्हणाले, "चिन्हं कुठं गेली?"

तेव्हा मी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. "पुलाच्या मधल्या खांबाचा पाया उघडा पडला आहे दम, दगडांचे सांधे सुटले आहेत बस." आप्पांची मान तिरकी, नजर भिंतीकडे, आणि उजव्या हाताचं बोट वर जाऊन खाली टेकत होतं. 'दुरुस्ती'चा 'रु' ऱ्हस्वच आहे ना, म्हणून मध्ये एकदा त्यांनी विचारलं. मी बघून होय म्हटलं. वर पोरांचा कालवा चालू होता, तरी त्या खोलीत मला गौराक्कांचा आवाज माझ्या आवाजाखालून ऐकू येत होता.

शेवटची ओळ आली. "सबब दम, पावसाळ्यापूर्वी पुलावरून होणारी सर्व वाहतूक बंद करण्यात यावी."

पुढं फक्त पूर्णविराम होता; मी त्याच्याकडे बघत राहिलो. आप्पांचं बोट वर गेलेलं होतं, जरा जास्तच वर, आणि तिथंच थांबलं होतं. त्यांनी मला घाई केली नाही.

"बस," मी म्हणालो.

बोट खुर्चीच्या हातावर टेकलं.

"आता तुम्ही बी बसा की, पोवार," आप्पा म्हणाले. "मघाधरनं उभ्यानंच वाचतायसा."